वरचा आवाज

"न्हाई," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "ह्यात आवाज न्हाई."

आणि आवाज तर येत होता. बॉनेट उघडं, इंजिन सुरू, आणि मी इंजिनापासून दोन हातांवर उभा राहून तो ऐकत होतो. ठक, ठक, ठक. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं होतं, त्याची लाकडी मूठ कानाशी धरली होती आणि डोळे मिटले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या कानावर लोक देवाइतका भरवसा ठेवायचे. दस्तगीर शिकलगारनं मूठ कानाला लावली की गाडी आपली सगळी दुखणी आपणहून सांगते, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

त्यांनी डोळे उघडल्यावर मी म्हटलं, मिस्त्री, मला तर ऐकू येतोय. ते माझ्याकडे बघून हसले. लग्नघरात चार दिवस बँड ऐकून तुमच्या कानात आवाज बसलाय, असं काहीसं म्हणाले. फडक्याला हात पुसले, बॉनेट पाडलं आणि मला वाटेला लावलं.

ही गोष्ट नव्वद सालची, फेब्रुवारीतली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. गाडी माझ्या वडिलांची. आबांनी ती चोपन्न साली घेतली, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी, आणि आमच्या दोघांत त्यांचा जीव जास्त कुणावर होता हे मी त्यांना कधी विचारलं नाही. फियाट अकराशे. इटलीत घडलेली, मुंबईत जोडलेली. फुगीर नाकामुळं तिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. आबांच्या देखत तिला कुणी डुक्कर म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "मिलेचेंतो म्हणायचं." अकराशेसाठीचा हा इटालियन शब्द त्यांनी कुठून पैदा केला होता देव जाणे, पण तो उच्चारताना साखर कारखान्याच्या त्या निवृत्त शेतकी अधिकाऱ्याची मान दोन बोटं वर व्हायची.

आमच्या घरात एक रीत आबांनीच पाडली होती. ते आईला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी याच गाडीतून जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेले होते. मग माझ्या लग्नात मला आणि बायकोला नेलं. आता धाकट्या धैर्यशीलचं लग्न गुरुवारी झालं होतं आणि रविवारी तो आणि नवी सून वृषाली, दोघांना घेऊन आबा स्वतः गाडी चालवत डोंगर चढणार होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्यांना कुणी नको म्हणत नव्हतं, कारण म्हणून उपयोग नव्हता.

पण माझी काळजी आबांची नव्हती, गाडीचीही नव्हती. खरं सांगायचं तर माझा जीव अडकला होता तो दस्तगीर मिस्त्रींपायी.

गेल्या दिवाळीपासून त्यांच्या हातून दोन गाड्या परत आल्या होत्या. एक डॉक्टरांची, गाळ्यातून नेल्यावर आठव्या दिवशी तिचा गिअरबॉक्स निपाणीच्या रस्त्यावर जाम झाला. दुसरी एका वकिलांची, तिच्या चाकाचं बेअरिंग फुटलं आणि चाकच निखळलं. वकील थोडक्यात वाचले. उद्यमनगरात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. म्हातारा गेला आता, असं लोक उघड बोलायला लागले. मिस्त्रींचा मुलगा यासीन शेजारच्याच गाळ्यात टायरचं दुकान चालवायचा. बापावर त्याची माया होती, पण वकिलांच्या चाकानं त्याची झोप उडवली होती. त्यानं मलाच एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "बाळासाब, अजून एक गाडी परत आली की मी शटर ओढणार. कुणाचा जीव जायची वाट बघू काय मी?"

 तो खोटं बोलत नव्हता. पण शटर ओढल्यावर मिस्त्री काय करतील हे डोळ्यांसमोर आणून बघायची माझी हिंमत नव्हती. हमीदाचाची, म्हणजे त्यांची बायको, आदल्या वर्षी गणपतीच्या आसपास वारली होती. आता त्या माणसाकडं तो एक गाळा उरला होता आणि गाळ्याबाहेर उभ्या राहणाऱ्या चार जुन्या फियाट.

तर शुक्रवारी मी गाडी घरी आणली. रात्रभर स्वतःला समजावलं की मिस्त्री म्हणतात म्हणजे आवाज नाहीच. शनिवारी सकाळी शाळेत गाडी घेऊन गेलो तर कळंब्याच्या चढाला ती ठकठक अशी मोठी झाली की सायकलवरची दोन पोरं वळून बघायला लागली. पोरांच्या कानात काही बँड बसला नव्हता. शाळा सुटल्यावर मी तसाच उद्यमनगरात गेलो.

दुपारचे दोन वाजले असतील. शेजारचे लेथ जेवणासाठी बंद होते, त्यामुळं गल्ली कधी नव्हे इतकी शांत होती. मिस्त्रींच्या गाळ्यातून मात्र मोठा खरखराट येत होता. आत गेलो तर फळीवरचा रेडिओ स्टेशन सोडून नुसता खरखरत होता, कान किटतील इतक्या मोठ्यानं. आणि मिस्त्री त्याच्याखाली पाठमोरे बसून कसलासा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धूत होते. निवांत.

मी हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली ती चांगली वर्गात मारतात तशी. मिस्त्रींचं ब्रश फिरवणं चालूच. मी पुढं होऊन रेडिओ बंद केला. गाळा एकदम गप्प झाला. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही.

काही गोष्टी कळायला फार वेळ लागत नाही, कळून घ्यायला लागतो. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तसे ते दचकून वळले. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, मग रेडिओच्या बटणाकडं.

"कवा बंद केलासा?" त्यांनी विचारलं.

"आत्ता."

"गाणं लागलं हुतं का?"

 त्यांनी कार्बोरेटर खाली ठेवला आणि स्टुलावर बसले. मला दुसरं स्टूल दाखवलं, पण माझ्याकडं तोंड येईल असं फिरवून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं ते मला असंच समोर बसवतात. मला वाटायचं, मान देतात.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आठ वर्षं झाली होती. आधी बारीक आवाज गेले, मग जाडे. माणूस समोर असला तर ओठांवरून आणि थोडंफार कानानं निभायचं, पण इंजिन म्हणजे भिंत झालं होतं. स्क्रू ड्रायव्हर लावून काही उपयोग नव्हता, ते नुसतं लोकांसाठी. रेडिओही लोकांसाठीच. रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला कोण बहिरा म्हणेल?

मी विचारलं की मग इतकी वर्षं गाड्या नीट कशा होत होत्या.

"हमीदा ऐकायची," ते म्हणाले.

चाची रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत मडगार्डाजवळ पाट टाकून नटबोल्ट निवडत बसायची. सगळं उद्यमनगर त्यांची चेष्टा करायचं, की साठी आली तरी ह्यांना एकमेकांवाचून करमत नाही. मिस्त्री गालात हसायचे आणि चेष्टा खपवून घ्यायचे. प्रकार वेगळाच होता. मिस्त्री इंजिन सुरू करायचे आणि तिच्याकडं बघायचे. चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून इंजिनाशिवाय दुसरं काही ऐकलेलं नसल्यामुळं तिला आवाजातला आवाज कळत होता. ती बोटानं मडगार्डावर वाजवायची, कुठला, किती, कसा. तेवढं मिस्त्रींना पुरायचं.

"लोक म्हनतात दस्तगीरचा कान," ते म्हणाले. "कान कबरस्तानात गेला, बाळासाब. हात तेवढं हितं ऱ्हायलं."

 मी ड्रॉइंग मास्तर, चार शब्द धड सुचणारा माणूस नव्हे. मी नुसताच त्यांच्या हाताकडं बघत बसलो. ते हात पेट्रोलनं पांढरे पडले होते.

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून विचारलं, काल तुम्ही आवाज म्हणत होतासा तो खरंच आहे का. मी मान हलवली. कसला आहे? मी सांगायला लागलो आणि माझी फजिती सुरू झाली. रंग असता तर मी त्याच्या सात छटा सांगितल्या असत्या. आवाजाला मी काय म्हणणार? कोरडा का ओला, असं त्यांनी विचारलं. मला दोन्ही वाटला. एक्सलेटर दाबल्यावर वाढतो का सोडल्यावर? मी म्हटलं, दाबल्यावर, बहुतेक. ते डोळे बारीक करून माझ्या ओठांकडं बघत होते आणि मी नापास होणाऱ्या पोरासारखा उत्तरं बदलत होतो. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं, आणि ज्याला कळलं असतं त्याला ऐकू येत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "शब्द नको. एक रीत हाय. तुमी निस्तं हो न्हाईतर न्हाई म्हना."

त्यांनी गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं आणि मला रीत समजावली. इंजिनाला चार सिलेंडर, चार प्लग, चार वायरी. इंजिन चालू ठेवून ते एकेक वायर काढणार. ज्या सिलेंडरची वायर काढली त्याचं काम बंद पडणार, त्याच्यावरचा जोर जाणार. वायर काढल्यावर आवाज बसला, तर दुखणं त्याच सिलेंडरच्या खाली, पिस्टनच्या दांड्याच्या बेअरिंगात. मग इंजिन उतरवायचं, क्रँक लेथवर न्यायची, आठ दिवसांचं काम. आणि चारही वायरी काढून आवाजात फरक पडला नाही, तर तो वरचा. नुसत्या टॅपेटचा, वरच्या झडपांच्या फटीचा. दहा मिनिटांत गप्प होतो.

"खालचा असला तर?" मी विचारलं.

"तर उद्या जोतिबा न्हाई," ते म्हणाले. "आनि सोमवारी गाळा न्हाई."

म्हणजे काय ते मला समजलं. आठ दिवसांपूर्वीच मिस्त्रींनी ही गाडी तपासून, ठीक आहे म्हणून सोडली होती. ती आता खोलली की तिसरी गाडी परत आली, असा त्याचा सरळ अर्थ.

इंजिन सुरू झालं. मी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि तो ठोका थेट डोक्यात शिरला. मिस्त्रींनी फडकं गुंडाळलेल्या पकडीनं पहिली वायर उचलली. इंजिन लंगडलं. आवाज तसाच. मी मान हलवली, नाही. दुसरी वायर. नाही.

तेवढ्यात गाळ्याच्या तोंडाशी यासीन येऊन उभा राहिला. जेवून आला असावा, हात रुमालाला पुसत होता. त्यानं मला सलाम केला आणि गाडीकडं बघितलं. "हिला काय झालं आनि?" त्यानं विचारलं. मिस्त्रींची पाठ त्याच्याकडं होती. त्यांना तो आलेला कळलाही नव्हता. मी घाईनं म्हणालो की काही नाही, डोंगर चढायचा आहे म्हणून एकदा बघून घेतोय. यासीन गेला नाही. तिथंच उभा राहिला.

मिस्त्रींनी तिसरी वायर उचलली.

आवाज बसला. शंकेला जागा नव्हती. ठोका मऊ पडला, जवळजवळ गेलाच, आणि मिस्त्रींनी वायर परत टेकवली तसा पुन्हा उठला. त्यांनी दोनदा, तीनदा उचलून बघितली. दर वेळी तसंच. ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यांच्या मागं, सहा हातांवर, यासीन.

"फरक नाही," मी म्हणालो.

मिस्त्री तसेच बघत राहिले. "नक्की?"

"नक्की. वरचाच आहे."

त्यांनी चौथी वायरही काढून बघितली, रीत पुरी करायची म्हणून. मग इंजिन बंद केलं, वरचं झाकण खोललं आणि पातळ पत्र्याची पट्टी घालून एकेक टॅपेट असं जुळवलं की बघत राहावं. त्या कामाला कान लागत नाही. यासीन थोडा वेळ बघून निघून गेला. पुन्हा सुरू केल्यावर मला आवाज कमी वाटला. वाटणारच. मला तो कमी व्हायला हवा होता.

त्या रात्री आणि सकाळीही मला बोलायला वेळ होता. आबांना एवढंच म्हणायचं होतं की आज जीप सांगू, गाडी नको. म्हणूनही बघितलं. आबांनी विचारलं, "दस्तगीरनं बघितलीय ना?" मी हो म्हणालो. "मग झालं तर." त्यापुढं एकच वाक्य उरलं होतं, की दस्तगीरला ऐकू येत नाही. ते माझ्या तोंडून निघेना. निघालं असतं तर मिस्त्री त्याच दिवशी संपले असते, आणि मला तर त्यांना वाचवायचं होतं. आपण किती भलं करतोय अशा समजुतीत माणूस किती हलकट होऊ शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मीही आबांच्या शेजारी बसून निघालो. डोंगराच्या पायथ्याच्या केर्लीपर्यंत सपाट रस्ता, गाडी छान गेली. आबा खुशीत होते. मागं बसलेल्या वृषालीला ते आरशात बघून सांगत होते की तुझी सासू याच जागी बसली होती आणि भीतीनं तिनं दार धरून ठेवलं होतं. वृषाली हसत होती. तिच्या हातभर हिरव्या चुड्याची किणकिण होत होती आणि तिच्याखाली मला, एकट्यालाच, तो ठोका ऐकू येत होता.

चढ लागला तसा तो मोठा झाला. आबांनी गिअर खाली टाकला. आता तो सगळ्यांना ऐकू आला. "काय वाजतंय रे?" आबांनी विचारलं. मी म्हणालो, आबा, थांबवा गाडी. ते म्हणाले, चढाला थांबवत नाहीत. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या वळणावर गाडीच्या पोटात कुणीतरी घण घातल्यासारखा एकच आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

गाडी मागं यायला लागली. आबा ब्रेकवर उभेच राहिले होते, हातब्रेकही ओढला होता, पण चाकांखाली आमचंच तेल सांडलं होतं आणि गाडी तेलावरून घसरत होती. मी दार ढकलून उडी टाकली आणि रस्त्याकडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावला. तो फेकला गेला. दुसरा लावला. तोही सरकला. मी दोन्ही हातांनी त्या गाडीचं मडगार्ड धरून ओरडत होतो आणि ती मला घेऊन दरीकडं चालली होती. एवढं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आईच्या शेवटच्या दिवसांतही नाही. मग मागचं चाक कडेच्या कठड्याला आदळलं आणि थांबलं. कठडा कमरेएवढा उंच होता. त्यापलीकडं काही नव्हतं.

कुणी मेलं नाही. धैर्यशीलच्या कपाळाला टेंगूळ आलं. वृषालीचा चुडा फुटून मनगटात घुसला होता. ती रडत नव्हती, फक्त रक्त आणि काचा बघत होती, लग्नाच्या चौथ्या दिवशी. आबांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण पुन्हा कुठलीही गाडी चालवायला बसले नाहीत.

येणाऱ्या जीपवाल्यांनी सगळ्यांना शहरात नेलं. त्यांच्याच हाती मिस्त्रींना निरोप देऊन मी गाडीपाशी थांबलो. तासाभरानं यासीन मोटरसायकलवरून मिस्त्रींना घेऊन आला. मिस्त्री उतरले, तेलाचा ओघळ बघत बघत वर आले, गाडीखाली आडवे झाले. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि तिसऱ्या सिलेंडरचा तुटलेला दांडा त्यातून बाहेर डोकावत होता. ते बराच वेळ खालीच होते.

यासीन माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाळासाब, काल तुमी ऐकलासा की. म्या बगितलं. कसला आवाज हुता?"

माझी वेळ आली होती. मी तोंड उघडलं. पण मिस्त्री तोवर गाडीखालून बाहेर आले होते. त्यांनी पोराचे ओठ वाचले असणार.

"त्यास्नी काय इचारतोस?" ते म्हणाले. "ते मास्तर हाईत. मिस्त्री मी हाय." मग शर्टाला हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू यीत न्हाई, यासीन. आठ वर्सं झाली. तुज्या अम्मीला ठावं हुतं."

 यासीननं बापाचा हात धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि त्याला मोटरसायकलवर बसवलं. मी तिथंच उभा होतो. माझं तोंड उघडंच होतं आणि त्यातून एक शब्दही बाहेर आला नव्हता. सोमवारी शटर ओढलं गेलं.

मी दोन महिने उद्यमनगरात पाऊल टाकलं नाही. शाळेला जायचा रस्तासुद्धा बदलला. शेवटी एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री दारातल्या कट्ट्यावर बसले होते. दोन महिन्यांत दहा वर्षांनी वाकले होते. हात मात्र स्वच्छ होते. त्यांचे हात स्वच्छ मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते बघवेनात.

मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड दिसेल असा, आणि हळूहळू म्हणालो, "मिस्त्री, तिसऱ्या वायरीला आवाज बसला होता."

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मी खोटं बोललो होतो, यासीन मागं उभा होता म्हणून, तुमचा गाळा वाचावा म्हणून.

"ठावं हाय, बाळासाब. तवाच कळलं हुतं. वायर उचलली आनि तुमचं तोंड उजळलं. मग इझलं. मग तुमी न्हाई म्हनालासा. आठ वर्सं मी दुसरं काय केलंय? तोंडंच वाचलीत."

"मग गाडी का सोडलीत? का नाही खोललीत?"

गल्लीतून एक हातगाडीवाला गेला. तो वळेपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले.

"मलाबी वरचाच पायजे हुता," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि आत वळून सुनेला हाक दिली, फियाटवाले बाळासाब आलेत, च्या टाक. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग सुनेचा. "त्या फियाटनंच घर बुडवलं आमचं. त्यांना आनि च्या? उठा म्हनावं."

मिस्त्री माझ्याकडं वळले. "काय म्हनाली?"

ते माझ्या ओठांकडं नाही, चेहऱ्याकडं बघत होते.

"टाकते म्हणाल्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरची नजर जरा वेळ काढली नाही. मग मान हलवली. "बसा मग," ते म्हणाले.

आम्ही दोघं चहाची वाट बघत बराच वेळ बसून राहिलो.